‘माझी आगबोट’ नेमकी कोणाची? – स्वदेशीची जाहिरात, १९२८ चा संप आणि एक खातेवही

खाडीकाठ (धागाकर्ता)

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना पणजोबांच्या किराणा दुकानाच्या तीन खातेवह्या हाती लागल्या. दोन वह्या वाळवीने पोखरल्या होत्या. तिसरी शके १८५० ची, म्हणजे पाडवा १९२८ पासून पुढच्या वर्षभराची, बऱ्यापैकी शाबूत आहे. लेखन मोडीत असल्यामुळे मला एकट्याला ती वाचणे शक्य नव्हते, परंतु या संकेतस्थळावरील मोडीवाचक यांनी छायाचित्रांवरून बरीच पाने लावून दिली, त्याबद्दल त्यांचे आधीच आभार मानतो. वहीच्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूने एक छापील हस्तपत्रक खळीने चिकटवलेले आहे. ते एका आगबोट कंपनीचे वेळापत्रक असून कंपनीचे नाव नेमके वाळवीने खाल्ले आहे. जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरांची नावे मात्र स्पष्ट वाचता येतात, आणि खालच्या ओळीत ‘स्वदेशी’ हा एकच शब्द उरला आहे.

पत्रक कोणत्या कंपनीचे, हे त्या एका शब्दावरून ठरवता येणार नाही. पण तो शब्द वाचल्यावर एक प्रश्न डोक्यात बसला, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

कोकण किनाऱ्यावरील उतारूंची वाहतूक इंग्रजी अमलात दीर्घकाळ बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती होती. तिला तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या लाटेत एतद्देशीयांनी आपली बोट सेवा काढली, तिच्यातून पुढे इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी उभी राहिली, आणि लोकांनी तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असे नाव दिले. माझ्या मते मराठीतील व्यापारी जाहिरातीचा हा सर्वांत यशस्वी शब्द असावा. तो छापायला पैसे पडले नाहीत, तो उतारूच्याच तोंडून आला आणि त्यात मालकीची भावना होती. बोटींची नावेही तशीच, घरातल्या देव्हाऱ्यातून उचललेली: ‘तुकाराम’, ‘रामदास’, आणि ख्रिस्ती उतारूंसाठी ‘सेंट अँथनी’, ‘सेंट झेवियर’. आपल्या गिऱ्हाइकांत कोण कोण आहे, याचा इतका नेमका अंदाज आजच्या जाहिरात संस्थांनाही क्वचित असतो.

आता त्या बोटीच्या डेकवर बसलेल्या माणसाकडे पाहू. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा बहुतेक सिंधुदुर्ग येत असे, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना मजूर पुरवण्यात त्या जिल्ह्याचा हात दुसरा कोणताही जिल्हा धरू शकत नव्हता. म्हणजे डेकचा उतारू बव्हंशी गिरणीत साचा (कापड विणण्याचा माग) चालवणारा, किंवा त्याच्यावर पोट असणारा. या माणसाशी एकाच वेळी दोन आवाज बोलत होते. जाहिरातीचा आवाज त्याला सांगत होता की बोट तुझी आहे, कापड तुझे आहे, विलायती मालकाला पैसा देऊ नकोस. संपाचा आवाज सांगत होता की साचा तुझा नाही, मजुरी तुझ्या हातात नाही, आणि मालक देशी असला तरी मालकच आहे.

१९२८ साली दुसरा आवाज फार मोठा झाला. मालकांना विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत असे वाटत होते आणि मजुरीही खाली येत होती. १६ एप्रिलपासून एकेक गिरणी बंद पडत गेली, २६ एप्रिलपर्यंत संप सार्वत्रिक झाला, आणि सुमारे दीड लाख कामगार ६ ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. जवळजवळ सहा महिने! हातावर पोट असणारा माणूस सहा महिने कसा टिकला, याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे: तो गावी गेला.

माझा तर्क याच्या पुढचा आहे. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की मुंबईच्या दक्षिणेकडील बोटी बंद होत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होत. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी अखेरीस पडली. वैशाखात गावी उतरलेल्या माणसाचे मन आषाढात डळमळले असते, तरी त्याला मुंबईला न्यायला बोट नव्हती. संपाला जी शिस्त आणता आली नसती, ती पावसाळ्याने आणली, असे मला वाटते. जाणकारांनी खोडून काढावे.

हर्णैकर

उत्तम विषय. ‘बोट लागली’ या आपल्या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ त्या डेकवर एकदमच अनुभवाला येत असत, एवढीच भर घालतो. आमच्याकडे बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही, पडाव, म्हणजे उतारू ने-आण करणारी लहान होडी, तिच्या कुशीला जाऊन भिडे, आणि लाटेने पडाव वर उचलला की त्याच क्षणी खलाशी उतारूचा दंड धरून त्याला खाली ओढून घेत. बायका, मुले, ट्रंका, फणस, कोंबड्या, सगळे त्याच रीतीने. जाहिरातीत या पडावाचा उल्लेख असे का?

खाडीकाठ

माझ्याकडील पत्रकात नाही, आणि ‘माझी’ या शब्दातही तो खलाशी बसतो का, हीच माझी शंका आहे. ‘माझी’ म्हणणारा उतारू होता किंवा भागीदार होता. बोटीच्या पोटात कोळसा ओढणारा आगवाला आणि पडाव वल्हवणारा गडी यांना ती ‘माझी’ वाटावी अशी तजवीज कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

गिरणगावकर

खाडीकाठ यांच्या मांडणीत एक दुवा राहिला आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचा कारभार किलिक निक्सन या इंग्रजी पेढीकडे मॅनेजिंग एजंट म्हणून होता. दादरची कोहिनूर गिरणीही याच पेढीच्या एजन्सीखाली होती. म्हणजे कोहिनूरमध्ये साचा बंद ठेवून गावी निघालेला वेंगुर्ल्याचा विणकर भाऊच्या धक्क्यावर तिकीट काढत होता तेव्हा, ते तिकीट जर बॉम्बे स्टीमचे असेल, तर ज्या पेढीविरुद्ध त्याचा संप होता तिच्याच गल्ल्यात तो भाड्याचे पैसे टाकत होता. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत ही अशी होती. एका पेढीच्या हाताखाली बोट, गिरणी, वीज, खाण अशी निरनिराळ्या नावांची कंपन्यांची माळ असे, आणि सामान्य माणसाला त्या माळेतला दोरा दिसत नसे.

परंतु याचा अर्थ असा होत नाही की देशी मालक विणकराच्या बाजूचे होते. मुंबईच्या बहुतांश गिरण्या हिंदी मालकांच्या होत्या आणि स्वदेशीच्या जाहिरातीचा पहिला मलिदा त्यांनीच खाल्ला. १९०५ साली बहिष्काराची चळवळ सुरू झाली तेव्हा कापडाची मागणी वाढली, त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळल्यावर गिरणी थांबण्याचे कारणच उरले नाही. दिवसाचे काम चौदा-पंधरा तासांवर गेले. कामगारांनी त्याच वर्षी दिव्यांच्या उजेडातील कामाविरुद्ध गडबड केली, आणि पुरुषांचा दिवस कायद्याने बारा तासांवर आणायला १९११ चा फॅक्टरी अॅक्ट यावा लागला. ज्या धोतरजोडीवर ‘स्वदेशी’ असा छाप होता, ती कोणी रात्री नऊपर्यंत उभे राहून विणली होती हे त्या छापात येत नव्हते. खाडीकाठ यांचे दोन आवाज १९२८ च्या पुष्कळ आधीपासून एकमेकांवर आदळत होते.

उंबरठा

मी तमिळनाडूत पंधरा वर्षे नोकरी केली, त्यामुळे एक समांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. विषयांतर वाटल्यास संपादकांनी उडवावे.

तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम् पिल्ले या वकिलांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदवली. भांडवल दहा लाखांचे, पंचवीस रुपयांचा एक असे चाळीस हजार भाग. ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटी आणून तुतिकोरिन ते कोलंबो वाहतूक सुरू झाली. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे एक रुपयावर आणले, तेव्हा स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर आणले. मग ब्रिटिश इंडियाने उतारूला फुकट नेण्याची तयारी दाखवली आणि वर प्रत्येकाला एक छत्री देऊ केली. जाहिरातीच्या इतिहासात या छत्रीला मानाचे स्थान मिळायला हवे.

मात्र माझा मुद्दा छत्रीचा नाही. याच पिल्ल्यांनी फेब्रुवारी १९०८ च्या अखेरीस त्याच गावातील इंग्रजी मालकीच्या कोरल मिलच्या कामगारांचा संप चालवला आणि पगारवाढ व रविवारची सुटी पदरात पाडून दिली. १२ मार्चला त्यांना अटक झाली. बोट कंपनीचा प्रवर्तक आणि संपाचा पुढारी तेथे एकच मनुष्य होता. ते लोकमान्यांना गुरुस्थानी मानत आणि बोटी मिळवण्यासाठी मुंबईलाही आले होते. मग खुद्द मुंबईत आणि कोकणात हे दोन धागे एका हातात का आले नाहीत?

गिरणगावकर

तुतिकोरिनची गिरणी इंग्रजांची होती, मुंबईच्या गिरण्या बहुतांशी आपल्यांच्या होत्या. माझ्या दृष्टीने उत्तराचा मोठा भाग यातच आहे. तेथे संप आणि स्वदेशी एकाच दिशेला तोंड करून उभे राहू शकत होते. येथे संप करायचा तर तो ज्याच्या धोतरजोडीची जाहिरात आपण केली त्याच्याच दारात करावा लागे. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरणी कामगार सहा दिवस बाहेर राहिले, त्यांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता, पण तो संप सरकारविरुद्ध होता, मजुरीसाठी नव्हता.

१९२५ चे उदाहरण अधिक बोलके आहे. मालकांनी साडेअकरा टक्के मजुरीकपात जाहीर केली, सप्टेंबरच्या मध्यापासून संप झाला, आणि सरकारने डिसेंबरच्या आरंभी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी तहकूब केल्यावर कपात मागे घेतली गेली. ती जकात १८९६ पासून चालत आली होती आणि देशी उद्योगावरील अन्याय म्हणून सर्व राष्ट्रीय पुढारी तिच्याविरुद्ध बोलत असत. त्या एका प्रसंगी कामगाराच्या उपासाचा फायदा कामगाराला आणि मालकाला एकदमच झाला. १९२८ मध्ये अशी पळवाट नव्हती.

टाकबोरू

जाहिरातीकडे पुन्हा वळू या, कारण चर्चा गिरणगावात जाऊन रमली आहे. (त्याबद्दल तक्रार नाही.)

वृत्तपत्रातील मराठी जाहिरातीचा विचार करताना कोकणचा आणखी एक धागा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. रत्नागिरीचे ‘सत्यशोधक’ १८७१ पासूनचे आणि सावंतवाडीचे ‘वैनतेय’ १९२४ पासूनचे. अशा जिल्हा साप्ताहिकांचा जाहिरातीचा मजकूर ज्यांनी चाळला आहे त्यांना त्याचा साचा ठाऊक असतो. कोर्टाच्या व वकिलांमार्फत दिलेल्या जाहीर नोटिसा, मुंबईच्या औषधवाल्यांची बाळगुटी आणि धातुपुष्टी, पुस्तके, घड्याळे, आणि कोपऱ्यात कुठेतरी गावातला शिंपी किंवा कापडवाला. गावातल्या दुकानदाराला जाहिरात देण्याची गरजच नव्हती. त्याचे गिऱ्हाईक त्याच्या उंबऱ्यावर बसून विडी ओढत असे, आणि बाकीच्यांसाठी दवंडी होती.

लांबच्या व्यापाऱ्याला मात्र कोकणात शिरायला वाट हवी होती, आणि ती टपाल खात्याने दिली. १८७७ पासून व्ही. पी. (म्हणजे पार्सल हातात घेताना पोस्टमनला किंमत चुकती करण्याची सोय), १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड, १८८० पासून मनिऑर्डर. ‘व्ही. पी. ने मागवा’ हे शब्द जाहिरातीच्या खाली येऊ लागले ते यामुळेच. याच टपालाच्या पिशवीतून मुंबईची मजुरी कोकणात येत होती. औषधवाल्याचा व्ही. पी. सोडवायला लागणारे पैसे आणि मुलाने पाठवलेली मनिऑर्डर एकाच पोस्टमनच्या खांद्यावर होती. संपात मनिऑर्डर थांबली की व्ही. पी. परत जाणार, हे उघड आहे. म्हणून मला खाडीकाठ यांच्या हस्तपत्रकापेक्षा त्या वहीतील जमेच्या बाजूत अधिक रस आहे. ती बाजू काय सांगते?

मोडीवाचक

पाने मी लावली असल्यामुळे मीच सांगतो. डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे, म्हणजे उधारी, अशी नेहमीची पद्धत आहे. अकरा खाती अशी आहेत की ज्यांची जमा ‘मुंबईहून मनिऑर्डर’ या शेऱ्यानेच पडते. बहुतेक खाती बाईच्या नावावर, म्हणजे पुरुष मुंबईला. चैत्रात जमा पडलेली आहे. वैशाखात तीन खात्यांत थोडी आहे. ज्येष्ठापासून पुढे डावी बाजू कोरी, आणि ती कोरी बाजू पानामागून पान उलटताना डोळ्यांना खुपते. नावे मात्र थांबलेले नाही. तांदूळ कमी होत जाऊन नाचणी वाढते, गूळ जवळजवळ नाहीसा होतो, मीठ, घासलेट आणि सुके बांगडे चालू राहतात. दुकानदाराने कोणाचेही खाते बंद केलेले दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला गमतीची वाटली. वैशाख शुद्ध पक्षानंतर यातील बहुतेक खात्यांत विड्यांचा जुडगा येऊ लागतो. आधीच्या पानांवर तो नाही.

शंकेखोर

विड्यांवरून पुरुष घरी आल्याचा निष्कर्ष काढणार असाल, तर जरा थांबावे. आमच्याकडे बायका तंबाखू सर्रास वापरत, मशेरी तर रोजची.

मोडीवाचक

तंबाखूची नोंद स्वतंत्र आहे आणि ती वर्षभर सारखीच आहे. मी फक्त विड्यांबद्दल बोलत होतो.

शंकेखोर

मान्य. मग खाडीकाठ यांच्या मूळ तर्काकडे येतो, कारण तो दिसायला सुबक आहे आणि सुबक तर्कांची मला भीती वाटते.

पहिली गोष्ट, बोट बंद झाली म्हणजे वाट बंद झाली असे नाही. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली होती. मालवण, सावंतवाडीकडचा माणूस घाट चढून कोल्हापूर गाठू शकत होता, तेथून गाडीने मुंबई. खर्च जास्त, त्रास जास्त, पण अशक्य नव्हते. रेवस-धरमतरकडील फेऱ्या तर पावसातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली ती भर आषाढ अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा समुद्र बंद होता असे सरसकट म्हणू नये.

दुसरी गोष्ट, गिरण्यांत कोकणी माणूस एकटा नव्हता. सातारा, पुणे, नगरकडचे कामगार होते, त्यांना समुद्राशी देणेघेणे नव्हते, तरी तेही सहा महिने बाहेर राहिले. कापडाचे गठ्ठे गोदामांत पडून असल्यामुळे काही मालकांनाही गिरणी लवकर सुरू करण्याची घाई नव्हती, हेही विसरू नये. शिवाय संप चालवणारी माणसे मुंबईतच होती. ना. म. जोशी, डांगे, आळवे, कासले हे संयुक्त संप समितीत सतरा मागण्या घेऊन बसले होते, गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्याच वर्षी उभा राहिला, धान्यवाटप चालले होते. हे सगळे पावसाच्या खात्यावर टाकणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

तिसरी गोष्ट, तपासण्याजोगी. तुमच्या वहीतच तुमच्या तर्काची परीक्षा आहे. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला, तडजोड ६ ऑक्टोबरला झाली. मधले पाच-सहा आठवडे बोट चालू होती आणि संपही चालू होता. पावसामुळेच माणसे अडकली होती असे म्हणायचे असेल, तर त्या खात्यांतील विड्या भाद्रपदाच्या आरंभी थांबायला हव्यात. कृपया मोडीवाचक आणि खाडीकाठ यांनी ती पाने पाहून सांगावे.

हर्णैकर

मध्ये गणपती आहेत, हे लक्षात ठेवा. कोकणी माणूस समुद्र उघडला म्हणून चतुर्थीच्या तोंडावर मुंबईला जाणार नाही. त्या वर्षी अधिक मासामुळे चतुर्थीही सप्टेंबरच्या मध्यानंतर गेली असणार.

पडावकऱ्याचा नातू

धागा चार दिवस वाचत आहे, आज लिहितो. आमचे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरात पडावावर होते. माझे त्यांच्याशी या विषयावर जे बोलणे झाले ते त्यांच्या अखेरच्या वर्षांतले, त्यामुळे साल-तारीख मागू नये.

पडावाचे पैसे बोटीच्या हंगामापुरते. पावसाळ्यात पडाव किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवायचा, तेल पाजायचे, आणि स्वतः शेतात उतरायचे. ते म्हणत की संपाच्या वर्षी उलटेच झाले. एरवी वैशाखात बोटीतून माणसे उतरतात ती ट्रंका भरून, आणि उतरवणाऱ्याला आणा-दोन आणे वर मिळतात. त्या वर्षी माणसे खूप उतरली आणि ट्रंका हलक्या होत्या. ट्रंक उचलली की माणसाचा खिसा कळतो, असे ते म्हणत. बोट कोणाची, स्वदेशी की साहेबाची, यावर त्यांना कधी बोलताना मी ऐकले नाही. त्यांना बोटींचे भोंगे वेगवेगळे ओळखू येत आणि कोणत्या बोटीचा सारंग (खलाशांचा म्होरक्या) लाटेचा अंदाज घेऊन शिडी सोडतो व कोणता सोडत नाही, हे ते नावानिशी सांगत. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या, त्याची आठवण मात्र ते काढत, आणि ती काढताना ‘आमची’ बोट की ‘त्यांची’ बोट असा भेद नसे.

खाडीकाठ यांनी विचारले आहे की खलाशाला ती ‘माझी’ वाटत होती का. आजोबांना पडाव माझा वाटत होता, आणि तोही अर्धाच, कारण अर्धा वाटा चुलतभावाचा होता.

उंबरठा

हलक्या ट्रंकांचे निरीक्षण कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. मनापासून आभार.

टाकबोरू

एक छोटी भर. १९२८ मध्येच साराभाई नेमचंद हाजी यांनी किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी कंपन्यांसाठी राखून ठेवावी असे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. ‘माझी आगबोट’ ही भावना तेव्हा दिल्लीपर्यंत पोचली होती असे म्हणता येईल. विधेयकाची चर्चा झाली ती मालकी कोणाची यावर. आगवाल्याच्या पगारावर झाल्याचे मला आढळले नाही.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. शंकेखोर यांच्या परीक्षेचा निकाल देतो. मोडीवाचक यांनी आणि मी काल रात्री अकराही खाती भाद्रपद व आश्विनची पाने समोर ठेवून पुन्हा पाहिली.

दोन खात्यांत विड्या अनंत चतुर्दशीनंतर लगेच थांबतात. हर्णैकर यांचा गणपतीचा मुद्दा त्या दोघांना लागू पडतो. एका खात्यात विड्या मुळातच आलेल्या नाहीत, म्हणजे तो मनुष्य गावी आला नव्हता किंवा विडी ओढत नव्हता. उरलेल्या आठ खात्यांत विड्या भाद्रपद वद्य पक्षभर चालू आहेत आणि आश्विनात एकामागून एक थांबतात. ६ ऑक्टोबर ही तारीख त्या वर्षी पितृपक्षात पडते. समुद्र उघडून महिना उलटला होता, बोट चालू होती, गणपती विसर्जन होऊन गेले होते, भात अजून कापणीला आले नव्हते, घरात नाचणी उधारीची होती, आणि तरीही ही आठ माणसे तडजोडीची बातमी येईपर्यंत हलली नाहीत. पावसाने त्यांना अडवले होते, हा माझा तर्क मी मागे घेतो.

जमेची बाजू आश्विनात कोरीच आहे. टाकबोरू यांना याचे नवल वाटणार नाही, कारण गिरणीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात मिळत असे. पहिली मनिऑर्डर कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, पडलेली आहे. रक्कम लहान आहे. पणजोबांनी ती जमा केली, आणि त्याच खात्यावर त्याच तारखेला नावे पाव शेर गूळ लिहिला आहे.

गिरणगावकर यांना एक विनंती आहे. अकरांपैकी तीन खात्यांवर गिरणीचे नाव कोपऱ्यात लिहिले असून मोडीवाचक यांना एक नाव ‘कोनूर’ असे लागते आहे. मी छायाचित्र त्यांच्याकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. ते ‘कोहिनूर’ असेल, तर त्या माणसाने वैशाखात कोणती बोट धरली असेल हे मला पुन्हा त्या हस्तपत्रकाकडे पाहून ठरवावेसे वाटते, पण तिथे कंपनीच्या नावाच्या जागी अजूनही वाळवीचे भोकच आहे.